भिंतीवरचा चौदा

३ जानेवारी

ति. मामा,

नमस्कार आधीच करून टाकते, म्हणजे पुढे भांडायला मोकळी. तुला फोन केला की तू तब्येत विचारतोस, हवापाणी विचारतोस, आणि मी डायव्हिंगचा विषय काढला की नेमकं तुझ्या दारावर कोणीतरी येतं. आतापर्यंत तीनदा आलं. म्हणून हे पत्र. दारावर कोणीही आलं तरी ते टेबलावर तसंच पडून राहील.

मार्चच्या बावीस तारखेला आम्ही पाच जण त्या बुडालेल्या मालवाहू जहाजावर उतरणार आहोत. तुला ते माहीत आहेच, तुमच्या वेळीही ते तिथेच होतं. डेक तीस मीटरवर आणि मागचा पंखा वाळूत, चाळीसवर. मला पंखा बघायचाय. आमच्या प्रशिक्षकाचा नियम असा की तिसाच्या खाली जाणाऱ्याकडे पाठीवरच्या मोठ्या सिलेंडरशिवाय स्वतःचा एक राखीव सिलेंडर हवा, वेगळ्या रेग्युलेटरसकट, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या नळीसकट. मोठ्याने दगा दिला तर याच्या जिवावर वर यायचं. दुकानात तीन मापं आहेत, दोन लिटर, तीन लिटर आणि साडेपाच. साडेपाचचा कुशीला बांधला की मी चक्क एका बाजूला कलते. तलावावर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाईने असं कलणं शोभत नाही.

तर परवा माळा आवरताना जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्यामागे एक पिवळा सिलेंडर सापडला. दोन लिटरचा, हातात मावेल असा गोंडस. त्याच्या गळ्याशी आईच्या अक्षरात 'धाकटा' असं रंगवलंय, म्हणजे तुझाच. मी वरून ओरडले, आई, हे बघ काय मिळालं. ती शिडी धरून उभी होती, ती शिडी सोडून आत गेली. मी वर लटकलेली. खाली उतरून विचारलं की चाळीस मीटरला दोन लिटर पुरतो का, तर म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही, मामाला विचार. चौदा खिडक्यांच्या पडद्यांचं कापड जी बाई तोंडी सांगते, तिला हे कळत नाही!

माझं गणित म्हणतं की पुरतो. माझा आकडा चौदा आहे, मिनिटाला चौदा लिटर हवा. आमच्या गटात सगळ्यांत कमी. मी त्यांना ऐटीत सांगितलं, हे आमच्या घरातच आहे, मामाचा पण चौदाच होता, त्यांच्या डायव्हिंगच्या दुकानाच्या भिंतीवर लिहिलेला होता. आई मला लहानपणी सांगायची.

मग सांग, पिवळा नेऊ ना? तपासणीचा शिक्का फार जुना आहे. तो तू मारून देशील असं मी गृहीत धरलंय.

तुझी,
भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरी,

पत्र पोचलं. वाचताना खरंच दारावर माणूस आला होता, पण मी त्याला बसवून ठेवला.

तू जहाजावर उतरणार हे वाचून मला बरं वाटलं की भीती वाटली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इथे माझ्या आयुष्यात समुद्र म्हणजे दाब-तपासणीची टाकी. दिवसभर आग विझवायचे लाल सिलेंडर त्यात बुडवतो, दाब देतो, फुगतात का बघतो, शिक्का मारतो. काम चांगलं आहे. पाणी कमरेपर्यंतसुद्धा येत नाही.

तुझ्या पत्राने मला उचलून त्या दुकानात नेऊन ठेवलं. पत्र्याचं दार, आत शिरताच उजव्या हाताला कॉम्प्रेसर. त्याचा आवाज एवढा की आम्ही सगळे हातवाऱ्यांनीच बोलायचो, आणि तो बंद झाल्यावरही सवयीने हातवारेच चालू राहायचे. जेवताना 'मीठ दे' हेसुद्धा खुणेने. पाण्याच्या हौदात सिलेंडर उभे करून भरायचे, म्हणजे तापत नाहीत. भरण्याचं काम तुझ्या आईकडे. कानावर पेन्सिल, हातात वही, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तिच्या बोटांना कायम रबराचा वास यायचा आणि तो तिला आवडायचा. मालक म्हणायचे, ही पोरगी गेज न बघता नुसत्या आवाजावरून दाब सांगते. खरंच सांगायची.

आणि ती भिंत. प्रत्येकाला दहा मीटरवर दहा मिनिटं पोहायला लावून, गेज किती उतरलं त्यावरून आकडा काढायचा आणि खडूने भिंतीवर लिहायचा. मालकांची पद्धतच होती ती. एक जाडसर गडी होता, त्याचा सव्वीस, त्याला सगळे मोटर म्हणायचे. तुझ्या आईचा सतरा. सगळ्यांत वर माझा चौदा. नवीन गिऱ्हाईक आलं की मालक आधी भिंत दाखवायचे. मी तेव्हा कॉम्प्रेसरमागे काहीतरी शोधत असल्यासारखं करायचो, पण कान तिकडेच.

तू साडेपाच घे. का ते विचारू नकोस. कलतेस तर दुसऱ्या बाजूला शिशाचं वजन थोडं जास्त बांध. पिवळा माझ्याकडे पाठव, तपासून बघतो. झडप उघडी ठेवून पाठव, भरलेला कोणी पार्सलवाला उचलणार नाही.

ताईचा खांदा कसा आहे? थंडीत दुखतो तिला.

तुझा,
मामा

८ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

सिलेंडर मिळाला, तपासला. नापास झाला. गळ्याच्या आट्यांत बारीक चीर आहे. आता तो कुठेच वापरता येणार नाही. नियमाप्रमाणे मी तो इथेच ठेवून घेतो.

साडेपाचचा घे. वेळ घालवू नकोस.

मामा

१४ फेब्रुवारी

ति. मामा,

तुझं पत्र आहे की तपासणीचा दाखला? खाली सही-शिक्का तेवढा राहिला.

वाईट वाटलं. तुझ्या सिलेंडरवर मी जहाज बघणार, असं मनात फार रंगवलं होतं. पण ठीक आहे, मी नवीन घेते. दोन लिटरचाच. पिवळाच मिळतोय, दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगून आले, शनिवारी आणते.

रागावू नकोस, आधी ऐक. मी आईला सरळ विचारलं की त्या सिलेंडरला तू हात का लावत नाहीस. ती पडद्याची दुमड घालत होती. मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही, आणि म्हणाली, "माझ्या गणितामुळे तुझा मामा मेला असता." एवढंच. मग मी फार मागे लागले तेव्हा एकेक करून बाहेर आलं. तू एकटा खोल जायला लागलास म्हणून तिने तो तुला आणला होता. माप तिने ठरवलं होतं. जहाजावर तुझा मोठा सिलेंडर निकामी झाला, तू राखीव तोंडात घेतलास आणि तो अर्ध्या वाटेत संपला. तिने तुला तिच्या हवेवर वर आणलं आणि मग दोघंही दवाखान्यात. खांदा तिथला आहे, हेही आत्ता कळलं. मला आजवर सांगितलं होतं की शिडीवरून पडले.

मामा, मी ते गणित करून बघितलं. चाळीस मीटरला दाब पाचपट. तुझा चौदा धरला, तर खाली सावरायला एक मिनिट, मग सावकाश वर यायला चार मिनिटं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं, सगळं मिळून सव्वातीनशे लिटरच्या आत येतं. दोन लिटरच्या सिलेंडरमध्ये दोनशे बार दाबाला भरला की चारशे असतात. म्हणजे पुरायलाच हवा होता! आई एकतीस वर्षं उगाच स्वतःला दोष देत बसली आहे. मी तिला कागद दाखवला. तिने बघितला, घडी घातली आणि सुयांच्या डबीखाली ठेवून दिला.

गणित बरोबर आहे, तर मग तो संपला का? चीर तेव्हापासून होती का? तूच सांग. आणि चीर असेल तर दोष त्या सिलेंडरचा, मापाचा नाही. नवा दोन लिटरचा मला पुरेल.

माझा चौदा पक्का आहे. थोडा श्वास रोखून धरावा लागतो, वर आल्यावर डोकं ठणकतं तासभर, पण ते सवयीने जाईल.

भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

शनिवारी सिलेंडर आणू नकोस. आधी हे पूर्ण वाच. वाचून झालं की ताईला दे. तिच्याशी फोनवर बोलायला मी आज दोनदा उठलो आणि दोनदा खाली बसलो.

पिवळा सिलेंडर पास झाला आहे. कुठेही चीर नाही. मी खोटं लिहिलं. वाटलं, तो हातातून गेला की तू मुकाट्याने मोठा घेशील आणि मला काही सांगावं लागणार नाही. तू माझी भाची आहेस हे विसरलो.

डोकं ठणकतं ना? माझंही ठणकायचं. एक श्वास घ्यायचा, मनात सहापर्यंत मोजायचं, मग सोडायचा. दहा मिनिटं असं केलं की गेज हलतच नाही. पहिल्यांदा भिंतीवर चौदा लागला तेव्हा मला वाटलं होतं, एकदाच करू, मग खरा आकडा आपोआप तिथे येईल. तो काही आला नाही. नंतर मालकांनी मला लोकांना दाखवायला सुरुवात केली आणि मग मागे फिरणं अवघड झालं. माझा खरा आकडा वीस-एकवीस होता. मी बावीस वर्षांचा होतो, त्या दुकानात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं गं. ताईला आवाजावरून दाब कळायचा, मोटरला इंजिन दुरुस्त करता यायचं, मला फक्त चौदा होता.

ताईने माझ्या चौदावर विश्वास ठेवून माप ठरवलं. तुझं गणित बरोबर आहे आणि तिचंही बरोबर होतं. आकडा खोटा होता.

त्या दिवशी मी आणि ताई पंख्यापाशी होतो. पंख्याच्या एका पात्यावर शेवाळ साचलं होतं, ते मी हाताने पुसत होतो. मागे फट्ट असा आवाज आला आणि डोळ्यांसमोर सगळे बुडबुडे. माझ्या मोठ्या सिलेंडरची नळी फाटली होती. राखीव तोंडात घेतला. आता काय सहापर्यंत मोजतोस! मी धापा टाकत होतो. जिना चढून आलेल्या माणसासारखा, फक्त जिना संपत नव्हता. वर निघालो, आणि बावीस मीटरवर ओढलं तर काही येईना. तेव्हा आमच्याकडे एका सिलेंडरला एकच तोंड असायचं. ताईने स्वतःचं काढून माझ्या तोंडात कोंबलं. दोन श्वास मी, दोन ती, असं ठरलेलं असतं. मी दोनाचे चार घेत होतो. ती वाट बघायची, माझ्याकडे बघत. पाच मीटरवर थांबायला हवा कुठे शिल्लक होती? थेट वर आलो. मला काहीच झालं नाही. न थांबता वर आल्यामुळे तिच्या खांद्यात हवेचे बुडबुडे अडकले, दोन दिवस दाबाच्या खोलीत ठेवलं होतं तिला.

बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या बाकावर वही घेऊन बसली. उजवा हात धड होता, त्याने तेच गणित पुन्हापुन्हा केलं. मग मला विचारलं, "कुठे चुकले रे मी?"

मी म्हणालो, "जाऊ दे ताई, होतं असं."

तेव्हा फक्त एक आकडा सांगायचा होता. एकवीस. तो माझ्या तोंडातून निघाला नाही. तिने पेन्सिल कानावरून काढली ती पुन्हा ठेवली नाही. दुकान सोडलं. मी तिच्यासमोर रोज कसा उभा राहू, म्हणून इतक्या लांब आलो, जिथे समुद्राचा वाससुद्धा पोचत नाही. आणि दर फोनला तिला विचारत राहिलो, खांदा कसा आहे.

आता तुझ्याबद्दल. तुझा खरा आकडा काढ, श्वास न रोखता. मग त्याची दुप्पट कर, कारण नळी फाटते तेव्हा माणूस दुपटीने ओढतो, कोणीही असो. चाळीस धर. एक मिनिट खाली, दोनशे लिटर. वर यायला सव्वापाचशेच्या आसपास. थांबायला पावणेदोनशे. नऊशे झाले. दोन लिटरमध्ये चारशे, तिनात सहाशे. साडेपाचात अकराशे. कलायचं तर कल, लोक हसतील तर हसू देत. आणि तो चौदा तुझ्या गटासमोर पुसून टाक. आपल्या घरात नाही तो, कधीच नव्हता.

मामा

५ मार्च

चि. भिंगरी,

पत्र मिळालं का? दोन आठवडे होऊन गेले. तू रागावली असशील तर रागाव. ताई रागावली असेल तर त्यात नवल नाही. पण सिलेंडर कोणता घेतलास, एवढं एका ओळीत कळव. इथे लाल सिलेंडर टाकीत उतरवताना माझा हात मध्येच थांबतो आणि साहेब विचारतात, काय झालं.

मामा

९ मार्च

प्रिय धाकट्या,

भिंगरीने तुझं पत्र मला दिलं आणि स्वतः तलावावर निघून गेली. शहाणी आहे. मी ते दुपारभर कापडाच्या मेजावर ठेवून बघत बसले. ग्राहक आले, पडदे घेऊन गेले, एकीला मी दुसरीचे दिले. नंतर लिहू, उद्या लिहू, असं करत इतके दिवस गेले. तुला वाट बघायला लावली ती मुद्दाम नव्हे. थोडी मुद्दाम.

साडेपाच घेतला. मी तिच्याबरोबर तलावावर गेले. मी! काठावर बसून गेज वाचलं. तिला दम दिला की श्वास रोखलास तर बांधून घरी नेईन. शांतपणे एकोणीस निघाला. मग तिला प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर तीसदा वरखाली पळवलं आणि तशीच धापा टाकत पाण्यात उतरवलं. एक्केचाळीस. तिला आयुष्यात कोणी इतकं पटवून दिलं नव्हतं. दुकानदाराला जाऊन म्हणाली, तो पिवळा मला नको, आणि तिसाच्या खाली जाणाऱ्या दुसऱ्या कोणालाही देऊ नका.

आता तुझं.

तू भिंतीला फसवलंस, मालकांना फसवलंस. तुझा सिलेंडर रोज कोण भरायचं? मी. तुझा लवकर रिकामा होऊन यायचा. मोटरच्या खालोखाल तुझाच. भरणाऱ्या माणसाला कसा रे फसवशील? चौदा खोटा आहे हे मला भिंतीवर खडू लागला त्याच आठवड्यात कळलं होतं. तू कॉम्प्रेसरमागे उभा राहून कान देऊन ऐकायचास, तेही मला दिसायचं. तुझा तो चेहरा मला आवडायचा. म्हणून बोलले नाही.

हे वाचून तुला वाटेल, मग माप बरोबर का नाही काढलं. तेच सांगायला बसले आहे. मी सिलेंडर आधी आणला. दुकानात मांडलेला दिसला, पिवळा, आणि तुझ्या कमरेला तो कसा दिसेल ते मला दिसलं. घरी आणून त्यावर तुझं नाव रंगवलं, आणि मग गणिताला बसले. एकवीस धरला तर पावणेपाचशे लिटर आले. सिलेंडरमध्ये चारशे. परत नेऊन बदलायला हवा होता. मी खोडून अठरा धरला. अठराला चारशे पाच आले. वरचे पाच डोळ्याआड केले आणि वही मिटली. भिंगरीने तिचा कागद दाखवला तेव्हा म्हणून तो डबीखाली सारला. तिने चौदा धरला होता. मी तर चौदा कधीच धरला नव्हता.

तेव्हापासून खिडकी मापल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. लोक म्हणतात, बाई फार काटेकोर आहेत.

दवाखान्याच्या बाकावर मी वही घेऊन नवं गणित करत नव्हते. तो अठरा बघत होते. तुला विचारलं, कुठे चुकले, तेव्हा मला वाटत होतं तू आता म्हणशील, ताई, तुला माहीत होतं. तू म्हणालास, जाऊ दे. मी समजले, याला सगळं कळलंय आणि हा मला वाचवतोय. मग तू इतक्या लांब निघून गेलास. मी समजले, वाचवलं खरं, पण तोंड बघवत नाही याला. दर फोनला खांदा विचारायचास तेव्हा मला ते टोचल्यासारखं लागायचं. एकतीस वर्षं मी म्हणायचे, बरा आहे.

बरा नाहीये. थंडीत दुखतो. पण तुझ्यामुळे नाही, आणि आता वाटतं, नुसतं माझ्यामुळेही नाही. आपण दोघांनीही तुला शांत दिवशीच मापलं. तू चौदा केलास, मी अठरा. एकवीस धरून तीन लिटरचा आणला असता तरी तो बावीसऐवजी सात-आठ मीटरवर संपला असता. तुझ्या खऱ्या आकड्याची दुप्पट करायची असते, हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. तू भिंगरीला सांगितलंस. ते मी चार वेळा वाचलं.

आपलं जुनं दुकान अजून आहे. मालक गेले, त्यांच्या मुलीने चालवायला घेतलंय. भिंतीवर फरशा बसवल्या आहेत, आपले आकडे त्यांच्या मागे गेले. कॉम्प्रेसर नवा आहे, आवाज नाही म्हणण्याइतका. मला तिथे उभं राहून चुकल्याचुकल्यासारखं झालं. मालकांच्या मुलीने मला ओळखलं आणि विचारलं, आवाजावरून दाब सांगायच्या त्या तुम्हीच ना? तिने एक सिलेंडर लावला. मी एकशेनव्वद म्हणाले. गेजवर एकशेपंच्याऐंशी होतं. कान म्हातारे झाले.

तर बावीस तारखेला सकाळी सातला बोट सुटते. भिंगरीचा साडेपाच मी भरणार आहे, ठरलंय. ती खाली असेल ती पस्तीस-चाळीस मिनिटं मी एकटीने बोटीवर बसून काढू शकणार नाही, तेवढा जीव माझ्यात नाही. तू ये. साहेबांना काहीही सांग. पिवळा बरोबर आण, रिकामाच आण, भरायचं काम माझं. तलावात पोरांना शिकवायला तो उत्तम आहे, तीन मीटरला भरपूर पुरतो. नाव पुसायचं नाही.

आणि बोटीवर माझ्या शेजारी श्वास रोखून बसू नकोस. मला कळतं.

ताई